मातोश्री अहिल्याबाई : खासगीतले दान



इंदुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर अहिल्याबाईंचे नाव दिवसातून एकदा तरी पडतेच. राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. १९६४ साली स्थापन झालेले आपले विद्यापीठ १९८८ पासून देवी अहिल्या विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. गावाबाहेरचा विमानतळही त्यांच्याच नावाचा. दरवर्षी पुण्यतिथीला शहरात अहिल्योत्सव होतो, पालखी निघते. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ नाणे आणि टपाल तिकीट निघाले.

ज्यांचे नाव आपण इतक्या ठिकाणी लावले, त्या बाईंनी स्वतः मात्र राज्याच्या हुकुमांवर आपल्या नावाऐवजी श्रीशंकर ही अक्षरे घातली. राज्य देवाचे, आपण फक्त सांभाळणाऱ्या, अशी त्यांची समजूत होती. ही एकच गोष्ट नीट समजून घेतली, तर त्यांनी एवढे दान का केले आणि त्या बदल्यात काही मागितले का नाही, याचा उलगडा होतो. म्हणून या अंकात आम्ही मातोश्रींचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत. लढाया आणि राजकारण यांपेक्षा त्यांच्या देण्याच्या रीतीकडे आमचे लक्ष अधिक राहील.

चौंडी ते इंदूर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मल्हारराव होळकर पुण्याकडे जाताना चौंडीस थांबले असता देवळात ही लहान मुलगी त्यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेण्याचे ठरवले, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, पाटलाची लेक होळकरांच्या घरात आली ती खंडेरावांची पत्नी म्हणून. १७४५ साली मुलगा मालेराव आणि १७४८ साली मुलगी मुक्ताबाई यांचा जन्म झाला.

मल्हाररावांनी सुनेला नुसते घरात बसवले नाही. जमाखर्च पाहणे, पत्रव्यवहार करणे, वसूल गोळा झाला की नाही याची विचारपूस, स्वारीवर गेलेल्या फौजेला दारूगोळा व रसद पोचवणे, ही सारी कामे ते तिच्यावर टाकत गेले. अठराव्या शतकातल्या मुलीला अक्षरओळख होणे हीच मोठी गोष्ट. इथे तर सासराच गुरू झाला.

१७५४ साली भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तेथे खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा २९ वर्षांचेही नव्हते. त्या सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. पुत्र गेला, आता सूनही गेली तर या म्हाताऱ्याने आणि या दौलतीने कोणाकडे पाहायचे, असा त्यांचा आग्रह होता. बाई थांबल्या. पुढची ४१ वर्षे त्यांनी पांढरे वस्त्र नेसून, दागिने न घालता काढली.

२० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे वारले. गादी मालेरावांकडे आली, पण वर्ष पुरे होण्याच्या आतच, १७६७ साली तेही गेले. नवरा, सासरा आणि मुलगा, तिघेही तेरा वर्षांत गेले. घरात मागे उरल्या त्या अहिल्याबाई आणि मुलगी.

अशा वेळी लोभी माणसे जागी होतात. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवावा असा बेत केला आणि पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांना त्यात ओढले. दादा फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी सरदारांना पत्रे धाडली, स्वतः लढाईची तयारी केली आणि दादांना कळवले की बाईला जिंकलेत तर त्यात कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माधवराव पेशव्यांनीही बाईंचा हक्क मान्य केला. दादांना लढाई सोडून द्यावी लागली. फौजेचे काम होळकर घराण्यातलेच विश्वासू सरदार तुकोजी यांच्याकडे सोपवण्यात आले आणि मुलकी कारभार बाईंनी हाती घेतला. तुकोजी वयाने त्यांच्या बरोबरीचे असूनही त्यांना मातोश्री म्हणत. बाईंनी राजधानी नर्मदेच्या काठी महेश्वरला नेली आणि तेथून २८ वर्षे राज्य केले.

दोन थैल्या

आता आमच्या मुख्य विषयाकडे येऊ. मातोश्रींच्या दानाविषयी सगळे बोलतात, पण तो पैसा आला कुठून हे फार थोडे विचारतात.

होळकरांच्या घरात दोन वेगळे हिशेब होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा. त्यातून फौजेचा पगार, किल्ले, कारकून, रस्ते यांचा खर्च चाले. दुसरा खासगीचा. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना काही गावांचे उत्पन्न स्वतंत्रपणे दिले. त्यावर राज्याचा हक्क नव्हता. ते घरधनिणीचे स्वतःचे. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली.

मातोश्रींनी आपली दानधर्माची कामे या खासगीतून केली. हे उत्पन्न त्या स्वतःसाठी वापरू शकत होत्या. दागिने, वाडे, मेजवान्या, काहीही. कोणी एका शब्दाने विचारले नसते. पण त्यांचे राहणे अतिशय साधे. महेश्वरचा त्यांचा वाडा आजही पाहता येतो. राजधानीचा राजवाडा म्हणून कोणी सांगितले नाही तर एखाद्या सुखवस्तू पाटलाचा वाडा वाटावा असा तो आहे.

रयतेच्या पैशातून दान करून स्वतः पुण्यवान म्हणवून घेणे सोपे असते. दुसऱ्याच्या ताटातले वाढून आपण अन्नदाते होता येत नाही. दान आपल्या वाट्याचे असावे, हा मातोश्रींचा पहिला धडा आम्हांला वाटतो. संस्था चालवणाऱ्या विश्वस्त मंडळींनीही तो मनाशी ठेवण्यासारखा आहे, कारण त्यांच्या हातात असतो तो पैसा समाजाचा. त्याचा हिशेब वेगळा आणि आपल्या औदार्याचा हिशेब वेगळा.

जे परत काही देऊ शकत नव्हते

मातोश्रींनी काय काय बांधले याची यादी फार लांब आहे. काशीचे विश्वनाथ मंदिर १६६९ साली पाडले गेले होते. शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० साली, त्यांनी तेथे आज उभे असलेले मंदिर बांधून पुरे केले. काशीच्या या मंदिराच्या नव्या परिसराचे २०२१ साली उद्घाटन झाले, तेव्हा तेथे त्यांचा पुतळा बसवण्यात आला. सोमनाथला मूळ देवळाचे भग्नावशेष उभे होते. १७८३ साली त्यांनी जवळच दुसरे मंदिर बांधून पूजा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ सालचे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला. काशीत घाट बांधले. हिमालयातल्या केदारनाथापासून दक्षिणेतल्या रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे यांची सोय लावली. दक्षिणेतल्या देवळांत देवाच्या स्नानासाठी गंगेचे पाणी कावडीने नेले जाई, त्याचा खर्चही महेश्वरहून होत असे.

नकाशा उघडून ही गावे शोधून पाहा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवतो. एक गोष्ट लगेच लक्षात येईल. यातली बहुतेक गावे होळकरांच्या राज्यात नव्हतीच. कोणाचे राज्य नबाबाचे, कोणाचे दुसऱ्या सरदाराचे, कुठे इंग्रज कंपनीचा अंमल. केदारनाथच्या चढावर थकून धर्मशाळेत टेकलेला यात्रेकरू इंदूरला सारा भरणार नव्हता. गयेत श्राद्ध करणारा बंगालमधला शेतकरी होळकरांच्या फौजेत भरती होणार नव्हता. यांतल्या हजारो जणांना ही सोय कोणी केली हे ठाऊकही नव्हते. ज्यांच्याकडून काही मिळण्याची शक्यताच नाही, अशा माणसांसाठी मातोश्रींनी हा खर्च केला.

घराजवळचीही हीच तऱ्हा. मातोश्री गेल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात कारभार पाहत होता. त्याने बाईंना पाहिलेल्या माणसांकडून त्यांच्या हकिकती गोळा केल्या आणि १८२३ साली मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात छापल्या. त्याला होळकरांची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते. लोक भक्तीपोटी वाढवून सांगत असतील, अशी शंका धरूनच त्याने चौकशी केली. तरी त्याने नोंदवलेल्या गोष्टी वाचताना मन भरून येते.

महेश्वरला रोज गरिबांना जेवण मिळे. सणासुदीला समाजात ज्यांना सर्वांत खालचे मानत, त्यांना मुद्दाम बोलावून पंगती होत. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया लागत. थंडीच्या तोंडाशी म्हाताऱ्या व अपंग माणसांना कपडे वाटले जात. इतके तर पुष्कळ राजेरजवाडे करत. पण पुढची गोष्ट आम्ही दुसऱ्या कोणाविषयी ऐकलेली नाही. भर उन्हात शेतकरी नांगर धरून चालला असता बाईंचा माणूस पाण्याचे भांडे घेऊन बांधावर येई, औत थांबवायला लावी आणि बैलांना पाणी पाजी. उभ्या पिकावरून शेतकरी पाखरांना हाकलतात, मग पाखरांनी खायचे काय, म्हणून बाईंनी काही शेते विकत घेऊन तेथले पीक पाखरांसाठी मोकळे सोडले होते. नर्मदेतल्या माशांनाही खाद्य टाकले जाई.

बैल सलाम करत नाही. पाखरू कोणाचे नाव घेत नाही. मासा आशीर्वाद देत नाही. मदत करताना बदल्यात काही मिळावे ही इच्छा मनात आहे की नाही, हे ओळखायचे असेल तर याहून चांगली कसोटी कोणती?

आलेले धन परत पाठवले

देण्याइतकाच न घेण्याचाही कस लागतो. त्या काळी कोणी सावकार मूलबाळ नसता वारला, तर त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची किंवा विधवेला दत्तक घेऊ देण्यासाठी जबर नजराणा उकळण्याची रीत सर्वत्र होती. राजाला ती सरळ कमाई वाटे.

आपल्या इंदूरचीच एक हकिकत आहे. देवीचंद नावाचा मोठा सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींच्या फौजेचा तळ तेव्हा इंदुराजवळ होता. काही स्वार्थी मंडळींनी भरीस घातले आणि तुकोजींनी त्या संपत्तीवर हक्क सांगितला. सावकाराची बायको तडक महेश्वरला मातोश्रींकडे गेली. मातोश्रींनी तिची फिर्याद ऐकली, तिला मालमत्तेची मालकीण ठरवले आणि मानाची वस्त्रे देऊन परत पाठवले. तुकोजींना निरोप गेला की तळ इंदुरापासून दूर हलवावा आणि शहराला त्रास देऊ नये. तुकोजींनी तो मानला. गावाला हे कळताच सगळीकडे आनंद झाला.

खरगोणचे दोन सावकार भाऊ असेच वारले. त्यांच्या बायकांनी आपणहून सगळी संपत्ती मातोश्रींच्या पायाशी आणून ठेवली. कोणी जबरदस्ती केली नव्हती, घेतली असती तर कोणी नाव ठेवले नसते. बाईंनी ती घेतली नाही. हे धन तुमच्याच गावाच्या उपयोगी लावा, असे सुचवले. त्या पैशातून खरगोणला कुंदा नदीवर घाट आणि गणपतीचे देऊळ झाले.

आम्हांला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. बाईंनी त्या दोघींना मदत केली, पण उपकाराच्या ओझ्याखाली वाकवले नाही. उलट त्यांनाच देणाऱ्या केले.

असे वागल्याने राज्य बुडाले का? उलट झाले. पैसा सुरक्षित आहे असे दिसताच सावकार, व्यापारी, कारागीर इकडे राहायला आले. कंपेलचा परगण्याचा कारभार इंदुरात आला आणि एका लहान गावाचे भरभराटीचे शहर होऊ लागले. महेश्वरला विणकर आले, मागांची खटखट सुरू झाली आणि महेश्वरी साडी जन्माला आली. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत, त्यांना नुसते मारून न काढता बाईंनी त्यांना कसायला जमिनी दिल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर ते पूर्वापार घेत आलेला भिलकवडी नावाचा लहानसा कर त्यांचाच ठेवला आणि बदल्यात त्या वाटेवरच्या चोरीची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. रस्ते मोकळे झाले.

म्हणजे फळ मिळालेच की, असे कोणी विद्यार्थी म्हणेल, आणि ते चूक नाही. चांगल्या वागण्याचे चांगले परिणाम पुष्कळदा होतात. पण परिणाम होणे वेगळे आणि परिणामासाठी सौदा करणे वेगळे. शेतकरी पाऊस पडेल म्हणून पेरतो, पण पावसाशी करार करत नाही. देवीचंदाच्या विधवेला न्याय देताना उद्या इंदुरात किती दुकाने उघडतील याचा हिशेब मातोश्रींनी मांडला होता असे मानायला काही आधार नाही. पाखरांच्या शेतातून तर काहीच उगवून येणार नव्हते.

नर्मदेत सोडलेले पुस्तक

माल्कमने नोंदवलेली आणखी एक हकिकत आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. एका विद्वान ब्राह्मणाने मातोश्रींच्या स्तुतीपर एक ग्रंथ लिहिला आणि तो त्यांना वाचून दाखवायला आला. त्या काळी असे ग्रंथ लिहिणाऱ्याला मोठी बिदागी मिळे; शिवाय राजाचे नाव अजरामर होई. दोघांचाही फायदा. मातोश्रींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. आपण एक दुबळी, चुका करणारी बाई आहोत, एवढी स्तुती आपल्या योग्यतेची नाही, असे त्या म्हणाल्या आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याचा हुकूम केला. लेखकाची पुढे विचारपूसही केली नाही.

पैशाचा मोह सोडणारे पुष्कळ असतात. मान मिळावा, चार लोकांनी चांगले म्हणावे, ही इच्छा मात्र भल्याभल्यांची सुटत नाही. तो शेवटचा मोबदलाही बाईंनी नदीत सोडला.

एक शंका मोठ्यांच्याही मनात येईल. मातोश्री अत्यंत धार्मिक होत्या. पहाटे सूर्योदयाच्या आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे शाकाहारी जेवण, दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. पुन्हा पूजा आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कारभार, असा त्यांचा दिवस होता. मग पुण्य मिळावे म्हणूनच त्या दान करत असतील, हाही मोबदलाच नाही का? आम्ही यावर विचार केला. आम्हांला असे दिसते की देवाला आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब द्यायचा आहे, ही त्यांची धारणा होती. जाब देणारा माणूस बक्षिसाची वाट पाहत नसतो. सोपवलेले काम राहून तर गेले नाही ना, याची काळजी करत असतो. मुनीम धन्याचे पैसे चोख वाटतो, तेव्हा ते आपणच दिले अशी फुशारकी तो मारत नाही. हुकुमांवरच्या श्रीशंकर या अक्षरांचा अर्थ हाच.

आणि घरात काय मिळाले?

चांगले वागणाऱ्याचे सदा चांगलेच होते, असे आम्ही मुलांना सांगत आलो आहोत. मातोश्रींचे आयुष्य पाहिले तर ते तसे सांगता येत नाही, आणि खोटे सांगणे शाळेला शोभत नाही.

मुलगी मुक्ताबाई आणि जावई यशवंतराव फणसे हेच त्यांचे उरलेले घर. त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नातू, ऐन तरुणपणी गेला. पाठोपाठ १७९१ साली यशवंतराव गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. मातोश्रींनी लेकीची विनवणी केली, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणून पाया पडल्या. ३७ वर्षांपूर्वी सासऱ्याच्या विनंतीने त्या स्वतः थांबल्या होत्या. त्यांच्या विनंतीने लेक थांबली नाही. नर्मदेच्या काठी त्यांना ते पाहावे लागले. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, शब्द उच्चारला नाही. ती क्रूर प्रथा पुढे कायद्याने बंद झाली, पण त्या आईला त्याचा उपयोग नव्हता.

तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. शेकडो देवळे, घाट, विहिरी बांधणाऱ्या बाईंच्या पोटचे कोणी उरले नाही. दान हा देवाशी केलेला व्यवहार असता, तर देवाने फसवले असे म्हणून त्यांनी त्या दिवशी हात आखडता घेतला असता. तसे झाले नाही. त्या पुन्हा कारभाराला बसल्या. पाणपोया चालू राहिल्या, अन्नछत्रे चालू राहिली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.

मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत का करावी, याचे उत्तर आम्हांला इथे सापडते. अपेक्षा ठेवून केलेली मदत अपेक्षाभंगाच्या पहिल्याच दिवशी थांबते. शिवाय ती फक्त परतफेड करू शकणाऱ्यांपर्यंतच पोचते. बैल, पाखरे, दूरचा यात्रेकरू यांना त्या यादीत जागा नसते. आणि जिला मिळते तिलाही ती खाली मान घालायला लावते. अपेक्षा काढून टाकली की मदत टिकते, दूरवर पोचते आणि घेणाऱ्याची मान ताठ राहते.

मातोश्रींच्या कामाची आठवण दूरवर गेली. निजाम आणि टिपू सुलतान यांच्यासारखे राज्यकर्तेही त्यांना मान देत, असे माल्कम सांगतो. स्कॉटलंडची कवयित्री जोआना बेली हिने १८४९ साली, कधी हिंदुस्थानात न येता, त्यांच्यावर इंग्रजीत काव्य लिहिले. बाईंनी एक ग्रंथ नर्मदेत सोडला आणि लोकांनी त्याच्या जागी दहा लिहिले. त्यांनी लावून दिलेल्या देवस्थानांच्या व्यवस्थेसाठी १९६२ साली खासगी ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याच्या मालमत्तेवरून वाद न्यायालयात गेले आणि हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येतो, असे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. निरपेक्ष मनाने दिलेल्या दानाचाही हिशेब नंतरच्यांनी चोख ठेवावा लागतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपण काय करावे

आपल्याकडे काशीला देऊळ बांधण्याइतके धन नाही. पण खासगी प्रत्येकाकडे असते. विद्यार्थ्याची खासगी म्हणजे त्याचा खाऊचा पैसा, सुट्टीतला एक तास, नीट लिहिलेली वही. आजारी पडलेल्या वर्गमित्राला वही द्या, पण आपल्या परीक्षेच्या वेळी तो काही देईल म्हणून नव्हे. ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याच्या शेजारी डबा उघडा. शेजारच्या आजींचे औषध आणून द्या आणि घरी येऊन ते सांगू नका.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाने कोणाला मदत केली तर लगेच चॉकलेट, शाबासकी, फोटो यांची रांग लावू नका. मुलाला कौतुक हवेच असते, पण प्रत्येक चांगल्या कामाचे भाव ठरले की मूल भाव विचारायला शिकते. हल्ली चार ब्लँकेटे वाटताना मागे मोठा फलक आणि पुढे कॅमेरा असतो. घेणाऱ्या म्हातारीला ब्लँकेट हातात धरून थांबावे लागते. तिच्या जागी आपली आजी असती तर, एवढा विचार केला तरी पुरे.

वैशाखातले ऊन आपल्या माळव्यात किती कडक असते हे सांगायला नको. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या ओटल्यावर, गच्चीवर किंवा खिडकीत मातीचे एक पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे आणि रोज सकाळी धुऊन पुन्हा भरावे. त्याची नोंद शाळेत घेतली जाणार नाही, गुण मिळणार नाहीत, प्रमाणपत्रही नाही. पाखरू येईल, पाणी पिईल आणि उडून जाईल. मातोश्रींच्या शेतातही असेच होत असे.